अंगण देखणं, नाच बेताचा

“काकू, रात्री शेवटपर्यंत बघितलात की मध्येच डोळा लागला?”

“डोळा कसला लागतोय! ते घड्याळ झोपू देईल तर ना. ऑफिसच्या मधोमध एवढं मोठं धूड! मला तर मार्च एंडचे दिवस आठवले. पण मंजू, मला एक सांग, हा सिनेमा चांगला म्हणायचा की वाईट? तू परीक्षणं वाचून बसलीयस ना?”

काकूंनी नळ बंद केला आणि नळीचं वेटोळं करून जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवलं. कंपाउंडच्या भिंतीशी नळी बाजूला ठेवली गेली, की निदान तासाभराची निश्चिंती असते. काकूंचं उभं आयुष्य बँकेत गेलं, त्यातही अकाउंट्सला. माणसं त्यांच्या नजरेतून सुटतील, आकडे सुटत नाहीत.

सिनेमा होता ‘ऑफिस’, 2015 चा, हाँगकाँगच्या जॉनी टोचा. हा माणूस मुळात गुंड-पोलिसांच्या सिनेमांसाठी ओळखला जातो. त्याच्या ‘इलेक्शन’मध्ये टोळीचा म्होरक्या निवडण्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. अशा दिग्दर्शकानं कंपनीतल्या नोकरदारांवर संगीतपट काढला, तोही थ्रीडीत. टोरंटोच्या महोत्सवात तो झळकला आणि परीक्षकांत दोन तट पडले. एक तट म्हणे, अहाहा, काय नेपथ्य! दुसरा तट म्हणे, नेपथ्य कबूल, पण गाणी कुठायत?

“दोघंही खरं बोलतायत की,” काकू म्हणाल्या. “आपल्यात म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं. इथं सगळं उलटंच. अंगण असं देखणं की बघत राहावं, आणि नाचायची वेळ आली की सगळे आपले चालतायत, उभे राहतायत, फाइल काखेत मारून एक ओळ म्हणतायत आणि पुढं जातायत.”

काकूंनी पहिल्याच दमात निम्म्या परीक्षकांचं म्हणणं सांगून टाकलं. आता अंगणाविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण त्याचं कौतुक न केलेलं परीक्षण माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. या सिनेमात ऑफिसला भिंती नाहीत. आहेत त्या नुसत्या रेषा: लोखंडी नळ्या, उजेडाच्या पट्ट्या, काचा. मेट्रोचं स्टेशन, दवाखाना, बार, घरं, सगळं स्टुडिओत उभं केलेलं आणि सगळं आरपार. कोण कुणाच्या केबिनमध्ये गेलं आणि दार लोटून काय बोललं, ते पलीकडच्या मजल्यावरून दिसावं अशी रचना. ही करामत विल्यम चँगची. वाँग कार-वायच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये ते एकाहून एक चाँगसम घातलेली मॅगी चँग आठवते ना? ते कपडे, ते जिने, त्या खोल्या याच माणसाच्या. ‘द ग्रँडमास्टर’च्या वेशभूषेसाठी त्याला ऑस्करचं नामांकनही होतं.

“चाँगसम म्हणजे ते उंच कॉलरचे, अंगाबरोबर शिवलेले? बाई गं, ते घालून ती जिना कशी उतरायची देव जाणे. पण हा ऑफिसातला आरपारपणा मला पटला हो. आमच्या शाखेला भिंती होत्या, चांगल्या जाडजूड, दगडी. तरी मॅनेजरनं कुणाला झापलं हे स्ट्राँगरूमपर्यंत दोन मिनिटांत पोचायचं. त्या चँगनं काय केलं, तर भिंती काढूनच टाकल्या. खरं तेच दाखवलं.”

मी मनात म्हटलं, हे एकाही परीक्षकानं लिहिलं नाही. लिहिलं ते काय, तर फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीच्या ‘प्लेटाइम’ची आठवण येते. तेही खोटं नाही. 1967 च्या त्या सिनेमासाठी तातीनं पॅरिसबाहेर काचेच्या इमारतींचं आख्खं नगर उभारलं, लोक त्याला ‘तातीविल’ म्हणायचे, आणि त्या पायी तो कर्जात बुडाला. त्यातही वरून दिसणारे ऑफिसचे चौकोनी खण, काचेपलीकडची माणसं, आत कोण आणि बाहेर कोण हेच कळू नये असा सगळा कारभार. पण तातीच्या काचांपुढे माणूस वाट चुकतो आणि आपल्याला हसू येतं. टोच्या ऑफिसात वाट कुणाचीच चुकत नाही. प्रत्येकाला आपली जागा, आपला मजला, आपला साहेब पक्का माहीत. त्या दोन सिनेमांत काचेपेक्षा मोठा फरक हा आहे, आणि तुलना करणारे बरेचजण काचेपाशीच थांबले.

“आता मला ती भानगड नीट सांग,” काकू भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या. “सबटायटल भराभर जात होती. तो अध्यक्ष आणि ती बाई...”

“होय, तसंच आहे ते.”

“मला वाटलंच होतं! पहिल्या मीटिंगलाच म्हटलं मी, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.”

तर कंपनीचं नाव जोन्स अँड सन. अध्यक्ष हो चुंग-पिंग, म्हणजे चाऊ युन-फॅट. त्याची बायको दवाखान्यात बेशुद्ध. कंपनी प्रत्यक्ष चालवते ती मुख्य कार्यकारी अधिकारी विनी, म्हणजे सिल्विया चँग, आणि तिचे नि अध्यक्षांचे जुने संबंध. कंपनीचे शेअर बाजारात यायचेत, त्यात आपला वाटा मोठा असेल असं बाईंना सांगून ठेवलेलं. खालच्या मजल्यावर डेव्हिड नावाचा वरिष्ठ, त्यानं कंपनीचा पैसा परस्पर सट्ट्यात लावलेला. हिशेब जुळवून घ्यायला त्याला फायनान्सची सोफी हवी, म्हणून तिच्याशी गोडगोड बोलणं. आणि त्याच दिवशी नोकरीला लागलेली दोन पोरं. एक भाबडा ली झियांग, दुसरी कॅट, जी मुळात अध्यक्षांचीच मुलगी, पण ओळख लपवून आलेली.

“ते मात्र मला अजिबात नाही पटलं,” काकू ठसक्यात म्हणाल्या. “अध्यक्षांची मुलगी नोकरीला येते आणि कुणाला पत्ता नाही? अगं, आमच्याकडे रिजनल मॅनेजरचा भाचा यायचा होता, तर शिपायाला आदल्या दिवशी ठाऊक होतं. त्यानं त्याची खुर्चीसुद्धा बदलून ठेवली होती.”

“गोष्ट फार ओळखीची आहे, नवं काही नाही, असं पुष्कळांनी म्हटलंय. शिवाय धागे फार, आणि एकही पुरता विणलेला नाही.”

“ओळखीची असणारच! ऑफिसात नवी गोष्ट कधी घडते का? कोण कुणाबरोबर डबा खातं, कुणाचं प्रमोशन कुणी खाल्लं, कुणाचा हिशेब जुळत नाही. माझ्या पहिल्या दिवशी जी कुजबुज होती तीच निरोपसमारंभाला. फक्त नावं बदलली. पण त्या सोफीचं मात्र वाईट वाटलं मला. फोनवर लग्न मोडलं, त्यात हा डेव्हिड लाडीगोडी लावतोय, आणि समोर ऑडिट. आकडा फिरवायला कोण सांगतं, तर जो आपल्याशी चांगलं वागतो तोच सांगतो. वाईट वागणाऱ्याचं कोण ऐकेल? हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.”

“लिहिणारीला. सिल्विया चँगनंच लिहिलंय ते. तिचंच 2008 चं नाटक, त्यावरून हा सिनेमा.”

“काय सांगतेस! मग तर तिला विचारायलाच हवं. बाई स्वतः लिहितेय, स्वतः मोठ्या पदावरची भूमिका करतेय, तरी त्या बाईला अध्यक्षांची मैत्रीण केल्याशिवाय तिला चैन पडेना? बाई वर चढली की लोक आधी विचारतात, कुणाच्या हाताला धरून चढली. ते लोक विचारतात ते विचारतात, तू तरी नको ना लिहूस.”

हा मुद्दा मला परीक्षणांत फारसा भेटला नव्हता, आणि काकूंचं म्हणणं खोडूनही काढता येईना. एवढं मात्र म्हणेन, की विनीचं काम करताना सिल्विया चँगनं ते गणित पुरतं ओळखलंय. अध्यक्षांसमोर ती बसते तेव्हा प्रेयसी अर्धी आणि हाताखालची नोकर अर्धी. कुठला अर्धा केव्हा पुढं करायचा याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर सतत चाललेला असतो. चाऊ युन-फॅट हसतो, गोड बोलतो आणि शब्द देतो. ती तो शब्द घेते, आणि घेतानाच तो कितीला पडेल याचा अंदाज बांधते. ते तिचं डोळे किंचित बारीक करणं. मला विचाराल तर सगळ्या सिनेमात थ्रीडी तेवढंच.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती मी मुद्दाम राखून ठेवली होती. गप्पांत हुकमाचा पत्ता उशिरा टाकायचा असतो. टो, चाऊ आणि सिल्विया हे त्रिकूट जुनंच. 1989 मध्ये ‘ऑल अबाउट आ-लाँग’ नावाचा सिनेमा आला होता. आई सोडून गेलेली, बाप एकटा पोराला वाढवतोय, आणि मग ती परत येते. सगळं हाँगकाँग रडलं होतं म्हणतात, आणि चाऊला हाँगकाँगचा उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यातच मिळाला. त्याचं गाजलेलं गाणं केलं होतं लो ता-यूनं. तैवानचा हा गायक-संगीतकार, शिकला डॉक्टरकी, आणि ऐंशीच्या दशकात काळा चष्मा लावून टोकदार गाणी गाऊन नाव काढलं. ‘ऑफिस’चं संगीतही त्याचंच. म्हणजे सव्वीस वर्षांनी सगळी मंडळी पुन्हा एका मांडवात.

“आणि तरी गाणी पडली?”

“पडली असं सगळेच म्हणत नाहीत. पण सिनेमा संपल्यावर एकही चाल ओठांवर राहत नाही ही तक्रार बऱ्याच ठिकाणी आहे. आणि गाणारा खरा एकच, डेव्हिडचं काम करणारा ईसन चॅन. तो तिथला मोठा पॉप गायक. तो तोंड उघडतो तेव्हा कळतं की बाकीचे किती सांभाळून गातायत.”

एवढ्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला. काका पेपर वाचत असल्याचं दाखवतात, पण कान भिंतीपाशीच असतात.

“गाणाऱ्यालाच नट करावं! अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘शाकुंतल’ केलं तेव्हापासूनची रीत आहे ती. बालगंधर्वांच्या नाटकाला लोक काय कथा ऐकायला जात होते? वन्स मोअर घ्यायचे, पहाट व्हायची!”

“अहो, पण तिथं गाणं सुरू झालं की शकुंतला बाजूला आणि गाणं पुढं,” काकू तिकडे न बघताच म्हणाल्या. “इथं ऑफिस चालू राहायला हवं ना? त्या विनीनं तान घेतली तर मीटिंग कोण संपवणार?”

काका पुन्हा पेपरात शिरले. काकूंचं उत्तर तसं थट्टेतलं, पण टोच्या बाजूनं यापेक्षा चांगली वकिली मी वाचलेली नाही. अमेरिकेत ‘हाउ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग’ नावाचं संगीत नाटक 1961 मध्ये ब्रॉडवेवर आलं. खिडक्या पुसणारा फिंच नावाचा पोरगा एक पुस्तक वाचतो, आणि त्यातल्या युक्त्या वापरून बघता बघता कंपनीच्या टोकावर जाऊन बसतो. नाटकाला पुलित्झर मिळालं. 1967 मध्ये त्याचा सिनेमा निघाला, तोच नायक रॉबर्ट मोर्स घेऊन. गाणी फ्रँक लेसरची, एकेक टुमदार. कंपनीची चेष्टा करायची तर अशी करायची, कारकून चालीवर डोलतायत आणि साहेब भोळसट. त्या सिनेमावर आक्षेप काय, तर रंगमंचावरचं उचलून जसंच्या तसं पडद्यावर ठेवलंय. म्हणजे तिथं गाणी भरदार आणि अंगण रंगमंचाचं, आणि टोकडे नेमकं उलटं. त्यानं नाटकाचा रंगमंच पार मोडून नवा बांधला, पण फिंचसारखं उड्या मारत गाणारं कुणी त्यात नाही. असायला हवं होतं असं मला तरी वाटतं. माणसं दबलेली आहेत म्हणून गाणीही दबलेली, हे समर्थन कागदावर शोभतं. दोन तास कानांनी ऐकायचं म्हटलं की जड जातं.

आणि गंमत म्हणजे ताल टोच्या हाती नाही असं मुळीच नाही. 2008 च्या त्याच्या ‘स्पॅरो’मध्ये पाकीटमारांच्या दोन टोळ्या रात्री पावसात, छत्र्या उघडून, एकमेकांच्या खिशात हात घालतात. शब्द नाही, गाणं नाही, नुसत्या छत्र्या फिरतायत. ते पाहून लोकांना जाक देमीच्या ‘अंब्रेलाज ऑफ शेरबूर’ या फ्रेंच संगीतपटाची आठवण झाली होती. म्हणजे ज्यानं गाण्याशिवाय नाच दाखवला, त्याच्या हाती प्रत्यक्ष गाणं आल्यावर नाच आखडला. हे कोडं कुणा परीक्षकानं सोडवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

“बरं, आणि ते लेहमन?” काकूंनी विषय पैशावर आणला. तो कधी ना कधी येणारच होता. “सिनेमात सगळे एकदम गर्भगळित होतात ते 2008 चंच ना?”

“हो. 15 सप्टेंबर 2008, अमेरिकेची लेहमन ब्रदर्स बँक बुडाली तो दिवस. आणि हाँगकाँगच्या प्रेक्षकाला ते सांगावं लागत नाही. तिथं लेहमनच्या ‘मिनीबाँड’सारख्या योजना बँकांनी सर्वसामान्यांना विकल्या होत्या. चाळीस हजारांवर लोक अडकले, त्यात कितीतरी म्हातारे. फलक घेऊन बँकांच्या दारात बसायचे. शेवटी 2009 च्या जुलैत बँकांनी मिनीबाँडवाल्यांना मुद्दलातले साठ टक्के, ज्येष्ठांना सत्तर टक्के परत करायचं कबूल केलं.”

काकूंचा चेहरा पालटला. “ते ‘मुदत ठेवीपेक्षा बरं व्याज आहे हो’ म्हणून काउंटरवरून विकलं असणार. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून द्यायची. माहितीये मला.”

“मग टोचा दुसरा सिनेमा बघा तुम्ही. ‘लाइफ विदाउट प्रिन्सिपल’, 2011 चा. त्यात बँकेतली एक मुलगी, टार्गेट पुरं होत नाहीये, आणि समोर एक साधी म्हातारी. जोखमीचा फंड तिच्या गळ्यात मारायचाय, पण नियमाप्रमाणे सगळं बोलणं रेकॉर्ड करायचं. म्हातारीला कळलंय का, हे विचारायचं. आजी काहीतरी भलतंच उत्तर देते, की रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा पहिल्यापासून. ‘मला पूर्ण समजलंय’ हे वाक्य तिच्याकडून वदवून घेईपर्यंत.”

“बाई बाई! आणि पुढं?”

“पुढं तुम्हीच बघा. पण गंमत ऐका, ती बँकेतली मुलगी झालीय डेनिस हो. ती हाँगकाँगची चांगली नावाजलेली गायिका. आणि सबंध सिनेमात तिला गाणं नाही.”

काकू जोरात हसल्या. “म्हणजे गाणारी होती तिथं गाऊ दिलं नाही, आणि जिथं गायचं तिथं चाऊ युन-फॅट!”

चाऊ तर गाण्याच्या वाटेला फारसा जातच नाही म्हणा. पण तो फंड विकण्याचा प्रसंग मला ‘ऑफिस’मधल्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त बोचला, हे खरं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक रेकॉर्डर. नेपथ्याचा खर्च बहुधा ‘ऑफिस’च्या एका दिव्याएवढाही नसेल.

“तरी पण,” काकू म्हणाल्या, “मला हाच आवडला. तो दुसरा बघून रात्री झोप यायची नाही. यात निदान डोळ्यांना काही आहे. ते सकाळचं बघ. सगळे मेट्रोतून उतरतायत, एका तालात, आणि ती लिफ्ट. लिफ्टमध्ये साहेब शिरले की सगळ्यांच्या माना कशा आपोआप ताठ. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात, पण लिफ्टमध्ये बाजूला उभं राहायचं कसं हे कुणी सांगून ठेवलं नाही. तो ली झियांग तिथंच फसतो.”

“मग तुमच्या हिशेबानं पास?”

“पास. पण गाण्यांना ग्रेस मार्क देऊन. आणि ती चेअरमनची मुलगी काढून टाकायची.”

आत कुकरची शिट्टी झाली. काका ओसरीवरूनच म्हणाले, “मीटिंग बरखास्त!” काकू नळी उचलून आत निघाल्या. जाताजाता त्या दुसऱ्या सिनेमाचं नाव मात्र त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

माझं मत म्हणाल तर काकूंपेक्षा फार वेगळं नाही. परीक्षकांतल्या दोन्ही तटांचं आपापल्या परीनं बरोबर आहे. नेपथ्याला झुकतं माप देणाऱ्यांकडे मी जरा जास्त झुकते, कारण तिथं नेपथ्य नुसती सजावट म्हणून आलेलं नाही. भिंती नसलेलं ते ऑफिस म्हणजेच त्या सिनेमाची कथा, आणि ज्यांना कथा पातळ वाटली त्यांनी ती संवादांत शोधली. गाण्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. लो ता-यूच्या नावाला ती शोभत नाहीत.

तेव्हा ‘ऑफिस’ कुठं मिळाला तर मोबाइलवर बघू नका. ज्या गोष्टीचं एवढं कौतुक झालं ती तळहाताएवढ्या पडद्यावर दिसतच नाही. घरातला सगळ्यात मोठा टीव्ही लावा, आणि गाण्याच्या वेळी गायकाकडे न बघता मागच्या टेबलांवरच्या माणसांकडे बघा.